वुलवर्थची साखळी आणि वडीगोद्रीचा बाजार

मराठी वाचकाला उद्योगपतींची चरित्रे अपरिचित नाहीत. माळरानावर कारखाना उभारणारा, लोहमार्ग टाकणारा, पोलादाची भट्टी पेटविणारा पुरुष हा आपल्या आदराचा विषय होऊन बसला आहे. दुकानदाराच्या वाट्याला हा आदर क्वचितच येतो. एकाकडून माल घ्यावा आणि तोच दुसऱ्यास विकावा, यात पुरुषार्थ तो कोणता, अशी आपली एक जुनी धारणा आहे. वस्तू कारखान्यातून बाहेर पडली म्हणजे अर्थव्यवहार पुरा होत नाही. ती योग्य वेळी, परवडेल अशा किमतीला घरात पोचावी लागते, ही गोष्ट या धारणेत विसरली जाते. म्हणूनच किरकोळ व्यापारात मोठे स्थित्यंतर घडू लागले की आपण एकदम गोंधळून जातो आणि कौतुक किंवा भीती यांपलीकडे आपला विचार जात नाही.

असे स्थित्यंतर आपल्याकडे आज घडत आहे. २००२ साली मुंबईत पवई येथे डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. मार्च २०२५ अखेर त्या साखळीत ४१५ दुकाने होती. महानगरांतून जिल्ह्यांच्या शहरांकडे अशा साखळ्यांचा प्रवास सुरू होऊन आता बरीच वर्षे लोटली. वडीगोद्री हे अंबड तालुक्यातील गाव सोलापूर-धुळे महामार्गावर, जालन्याकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो तेथे वसलेले आहे. येथून जालना, बीड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणे अवघड राहिलेले नाही. पगाराचा दिवस आला की नोकरदार कुटुंबाची वाणसामानाची यादी गावातील किराणा दुकानाऐवजी शहराची वाट धरते. साखळीची शाखा गावात उघडलेली नसतानाही तिची छाया अशा रीतीने गावावर पडतेच.

साखळी दुकाने आली म्हणजे लहान दुकानदार बुडणार काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो रास्त आहे, परंतु अपुरा आहे. ती साखळी स्वतः किती टिकाऊ आहे, ती कोणाच्या पैशावर वाढते आणि तिच्या स्वस्ताईचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हेही तितकेच विचारले पाहिजे. या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास फ्रँक विनफील्ड वुलवर्थ याच्या जीवनासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. साखळी दुकानांच्या व्यापाराला ज्यांनी जगभर घाट दिला त्यांत त्याची गणना होते, आणि त्याच्या साखळीचा उत्कर्ष व अस्त हे दोन्ही आज आपल्यासमोर संपूर्ण आहेत.

बिनपगारी उमेदवारी

वुलवर्थचा जन्म १३ एप्रिल १८५२ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, रॉडमन या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे. बटाटे, दूधदुभते आणि लांबलचक बर्फाळ हिवाळा यांत बालपण गेले. शेतीत राबूनही हाती काही उरत नाही, हे त्याने लहानपणीच पाहिले आणि शेतीतून सुटण्याचा निश्चय केला. आईने पै-पै साठवून त्याला व्यापारी शिक्षणाचा एक छोटा अभ्यासक्रम पुरा करविला. १८७३ साली, एकविसावे वर्ष लागण्याच्या सुमारास, तो जवळच्या वॉटरटाउन शहरात एका कापडाच्या दुकानी गुमास्ता म्हणून लागला. पहिले तीन महिने पगार नाही, अशी अट होती. ती त्याने मान्य केली.

पुढे जगातील एक मोठा व्यापारी झालेला हा तरुण विक्रीच्या कामात अगदीच सामान्य ठरला, ही गोष्ट मननीय आहे. गिऱ्हाइकाशी बोलणे, घासाघीस करणे, नको असलेली वस्तू गळ्यात मारणे हे त्याला जमेना. पुढच्या दुकानात तर विक्री होत नाही म्हणून त्याचा आठवड्याचा पगार दहा डॉलरवरून आठ डॉलरवर आणला गेला. तो खचला, आजारी पडला आणि काही काळ शेतावर परतला. त्याला एक मात्र उत्तम साधत असे: दुकानाची दर्शनी खिडकी सजविणे आणि माल डोळ्यांत भरेल असा मांडणे. न बोलता माल विकला जाईल असे दुकान उभारता आले तर, हा विचार त्याच्या या दुबळेपणातूनच जन्मला असे म्हणावयास हरकत नाही.

पाच सेंटांचे टेबल

१८७७ साली तो वॉटरटाउनच्या जुन्या मालकाकडे, विल्यम मूर याच्याकडे, पुन्हा रुजू झाला. पुढील वर्षी दुकानात पडून राहिलेला किरकोळ माल एका लांब टेबलावर मांडून, यावरील कोणतीही वस्तू पाच सेंटांना, अशी पाटी लावण्यात आली. टेबल पाहता पाहता रिकामे झाले. ही युक्ती त्या काळी इतरत्रही अधूनमधून वापरली जात होती. इतरांच्या दृष्टीने ती पडलेला माल खपविण्याची सोय होती. वुलवर्थने मात्र त्या टेबलात संपूर्ण दुकान पाहिले.

त्यातील अर्थशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. त्या काळच्या दुकानात माल फळीमागे असे. भाव गुमास्ता सांगे, घासाघीस होई आणि सौदा पटे. याला वेळ लागे आणि त्यासाठी वाकबगार, म्हणजेच महाग, नोकर लागत. किंमत ठरलेली आणि लिहिलेली असली की घासाघीस संपते. माल उघड्यावर मांडला की गिऱ्हाईक तो हाताळून स्वतःच निवडते. व्यवहार रोखीचा ठेवला की खातेवही, वसुली आणि बुडीत येणे हे तिन्ही खर्च नाहीसे होतात. नेहमीचा दुकानदार वस्तू हाती घेऊन तिची किंमत काय लावावी याचा विचार करतो. वुलवर्थ किंमत हाती घेऊन तीत कोणती वस्तू बसविता येईल याचा विचार करू लागला. या उलट्या गणितावरच त्याचे सारे साम्राज्य उभे राहिले.

काळही त्याला अनुकूल होता. १८७३ च्या आर्थिक अरिष्टानंतर जवळजवळ दोन दशके अमेरिकेतील किमतींची सर्वसाधारण पातळी घसरत होती. यंत्रोत्पादन वाढत होते, रेल्वेमुळे वाहतूक स्वस्त होत होती. पाच सेंटांच्या नाण्यात बसणाऱ्या वस्तूंची यादी दरवर्षी लांबत गेली. व्यक्तीच्या कर्तृत्वाची थोरवी गाताना परिस्थितीने दिलेली ही साथ विसरता कामा नये. कारण परिस्थिती पालटली की तेच सूत्र गळफास ठरू शकते.

दुकान बंद करण्याची हिंमत

२२ फेब्रुवारी १८७९ रोजी यूटिका शहरात वुलवर्थने पहिले दुकान उघडले. मूरने सुमारे तीनशे डॉलरचा माल उधारीवर दिला होता. आरंभीची गर्दी ओसरल्यावर विक्री मंदावली, कारण जागा मुख्य रस्त्यापासून बाजूला होती. काही महिन्यांतच त्याने दुकान आवरले, मूरचे देणे फेडले आणि नवे शहर शोधले. २१ जून १८७९ रोजी पेनसिल्व्हानिया राज्यातील लँकॅस्टर येथे दुसरे दुकान सुरू झाले. पहिल्याच दिवशी १२७ डॉलर ६५ सेंटांचा गल्ला जमला. लवकरच पाच सेंटांच्या जोडीला दहा सेंटांचा मालही आला.

लँकॅस्टरच्या यशानंतर हॅरिसबर्ग व यॉर्क या गावी दुकाने निघाली. ती चालली नाहीत म्हणून बंद करण्यात आली. १८८० साली स्क्रँटन येथे धाकटा भाऊ चार्ल्स समनर याच्या हाती दुकान सोपविले, ते यशस्वी झाले. म्हणजे आरंभीच्या दोन वर्षांत यूटिका, हॅरिसबर्ग आणि यॉर्क अशी तीन दुकाने त्याला मिटवावी लागली. या अपयशांनी तो बुडाला नाही याचे कारण सरळ आहे. प्रत्येक प्रयोग लहान होता, उसना पैसा थोडा होता आणि न चालणारे दुकान प्रतिष्ठेपायी ओढत नेण्याचा मोह त्याने टाळला. साखळीचा व्यापार शाखा उघडण्याच्या संख्येवर नव्हे, तर चुकीची शाखा किती लवकर ओळखली जाते यावर तरतो.

विस्तारासाठी भांडवल कोठून आणावयाचे, हा पुढील प्रश्न. वुलवर्थने नवी दुकाने भागीदार व्यवस्थापकांच्या साह्याने काढली. भागीदाराने काही रक्कम घालावी, दुकान सांभाळावे आणि नफ्यात वाटा घ्यावा, अशी ही रीत होती. पुढे तिचे रूप पालटले, तरी व्यवस्थापकाचा लाभ त्याच्या दुकानाच्या नफ्याशी जोडलेला राहिला. परगावच्या दुकानात मालकाचा डोळा पोचत नाही. तेथे नोकराच्या हिताची दोरी दुकानाच्या हिताशी बांधावी लागते, हे त्याला उमगले होते.

खरेदीचे सामर्थ्य

नफा विक्रीत नसून खरेदीत आहे, ही व्यापाऱ्यांची जुनी जाण वुलवर्थने टोकाला नेली. १८८० च्या सुमारास एका आयातदाराने जर्मन काचेच्या रंगीत गोळ्यांचा, नाताळच्या वृक्षावर टांगावयाच्या शोभेचा, थोडासा माल त्याच्या गळी उतरविला. तो दोन दिवसांत संपला. पुढे त्या शोभेच्या वस्तूंची विक्री प्रचंड वाढली. १८९० साली तो स्वतः युरोपात गेला, जर्मनीच्या लाउशा गावातील घरोघर काच फुंकणारे कारागीर पाहिले, बाहुल्या बनविणारी कुटुंबे पाहिली आणि आयातदाराला वगळून थेट खरेदी सुरू केली. मधला दलाल गेला, वस्तू पाच सेंटांत बसली. गिऱ्हाइकाचा लाभ झाला. त्या कारागिरांच्या हाती किती पडले, हा प्रश्न निराळा. त्यांची गरिबी त्याने स्वतः पाहिली होती, तरी भाव पाडण्यात त्याने हात आखडला नाही.

१८९३ साली अमेरिकेत पुन्हा आर्थिक संकट कोसळले. पेढ्या बुडाल्या, गिरण्या थांबल्या. कर्जावर चालणाऱ्या व्यापाऱ्यांची त्रेधा उडाली, तर वुलवर्थपाशी रोख पैसा होता. अडलेल्या कारखानदारांचा माल त्याने पडत्या भावाने उचलला. मंदीत लोक महाग दुकानांकडून स्वस्त दुकानांकडे वळतात, हेही त्याच्या पथ्यावर पडले. रोकड हाती ठेवणाऱ्यास मंदी ही संधी वाटते आणि कर्ज काढून वाढणाऱ्यास तीच मंदी मृत्युघंटा ठरते. साखळीच्या जोखमीचे सारे सार या एका वाक्यात सामावले आहे.

१८८८ साली विषमज्वराने तो कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला. तोपर्यंत हिशेब, खरेदी, तपासणी सारे तो स्वतः पाही. आजारात त्याला दिसून आले की आपल्यावाचूनही दुकाने चालली. यानंतर त्याने विश्वासू सहकाऱ्यांकडे कारभार सोपविला आणि स्वतः खरेदी, विस्तार व व्यवस्थापकांना पाठवावयाची परिपत्रके यांत लक्ष घातले. मांडणी, स्वच्छता, नव्या वस्तू, शेजारच्या दुकानांतील भाव या सर्वांविषयी ही पत्रे नियमाने जात. शेकडो मैलांवरील दुकानांना एकच शिस्त लागली ती या पत्रांमुळे.

प्रतिस्पर्ध्यांची सहकारिता

वुलवर्थच्या जीवनातील जो भाग आपल्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. पाच आणि दहा सेंटांची दुकाने त्याच्या आप्तेष्टांनी व मित्रांनीही काढली होती: भाऊ चार्ल्स समनर, चुलत-मावस नात्यातील सीमोर नॉक्स, मित्र फ्रेड कर्बी, अर्ल चार्ल्टन आणि एके काळचा मालक विल्यम मूर. या मंडळींनी एकमेकांचे गळे कापले नाहीत. प्रदेश वाटून घेतले, कोणता माल कोठे स्वस्त मिळतो याची माहिती एकमेकांस दिली आणि बरीच खरेदी एकत्र केली. दुकाने वेगळी, गल्ले वेगळे. कारखानदारापुढे मात्र सौदा करणारा जणू एकच ग्राहक उभा.

या मैत्रीचे १९१२ च्या आरंभी विलीनीकरणात रूपांतर झाले. ५९६ दुकाने, साडेसहा कोटी डॉलरचे भांडवल आणि एकच नाव. ज्या मूरने एकेकाळी तीनशे डॉलरचा माल उधार दिला, तो आता आपल्या जुन्या गुमास्त्याच्या कंपनीत सामील झाला. तत्पूर्वी १९०९ साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे दुकान उघडून साखळीने अटलांटिक महासागर ओलांडला होता. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये ७९२ फूट उंचीची वुलवर्थ इमारत उभी राहिली. जगातील सर्वांत उंच इमारत हा मान तिच्याकडे १९३० पर्यंत होता. सुमारे एक कोटी पस्तीस लाख डॉलरचा खर्च वुलवर्थने कर्ज न काढता रोख केला, हे त्याच्या स्वभावास धरूनच होते.

८ एप्रिल १९१९ रोजी, सदुसष्टावा वाढदिवस चार-पाच दिवसांवर असताना, तो मरण पावला. दातांच्या दुखण्याकडे केलेले दुर्लक्ष विषबाधेस कारण झाले. त्या वेळी साखळीत एक हजारांहून अधिक दुकाने होती आणि वार्षिक विक्री दहा कोटी डॉलरच्या वर गेली होती. एका पैचाही हिशेब न चुकविणाऱ्या या माणसाने नवे मृत्युपत्र तयार करवूनही त्यावर सही केली नव्हती. तीस वर्षांपूर्वीचे जुनेच मृत्युपत्र लागू झाले आणि अफाट संपत्ती स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या पत्नीकडे गेली.

स्वस्ताईची किंमत

चरित्राचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घासाघीस संपली तेव्हा वाकबगार विक्रेत्याची गरजही संपली. त्याच्या जागी अल्प वेतनावर तरुण मुली नेमल्या गेल्या. माल स्वस्त विकावयाचा तर नोकरही स्वस्तच हवेत, अशी भूमिका वुलवर्थने आपल्या व्यवस्थापकांपुढे उघडपणे मांडली होती. पुढे त्याने नाताळचा बोनस सुरू केला, हे खरे. त्यात सणाच्या दिवसांत काम सोडून जाणाऱ्यांना थोपविण्याचा व्यावहारिक हेतूही होता. १९३७ साली डेट्रॉइट येथील दुकानात विक्रेत्या मुलींनी दुकानातच ठाण मांडून संप केला आणि वेतनवाढ मिळविली.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथील वुलवर्थच्या दुकानात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी उपाहाराच्या टेबलाशी बसले आणि त्यांना काही देण्यास नकार मिळाला. त्यांच्या हातून वस्तूंचे पैसे घेण्यास दुकानाची ना नव्हती, शेजारी बसवून घेण्यास होती. त्या बैठकीतून उठलेले आंदोलन दक्षिणेत पसरले आणि जुलै महिन्यात त्या दुकानास आपला नियम सोडावा लागला. नाण्याला जात नसते असे आपण म्हणतो. परंतु नाणे घेणाऱ्या दुकानाला सामाजिक दायित्व असते, हे त्या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले.

अस्ताची कारणे

संस्थापकाच्या मृत्यूनंतर साखळी वाढतच गेली. पण किमती वाढू लागताच मूळ सूत्राला ताण बसला. १९३२ साली वीस सेंटांचा माल आला आणि १९३५ मध्ये किमतीची मर्यादाच काढून टाकण्यात आली. ते अपरिहार्य होते. मात्र ठरावीक किंमत ही ज्या दुकानाची ओळख, ती गेल्यावर त्या जागी नवी ओळख काय, याचे उत्तर कंपनीला पुढे कधीच समाधानकारकपणे सापडले नाही.

१९६२ हे वर्ष अमेरिकेच्या किरकोळ व्यापारात निर्णायक ठरले. के-मार्ट, टार्गेट आणि वॉलमार्ट या तिन्ही साखळ्यांची पहिली दुकाने त्या वर्षी उघडली. वुलवर्थ कंपनी झोपलेली नव्हती. तिनेही त्याच वर्षी वुलको नावाची मोठी सवलतीची दुकाने काढली. परंतु नव्या व्यापारास लागणारी खर्चाची काटकसर आणि मालाची शिस्त तेथे आली नाही. १९८२ साली अमेरिकेतील सर्व वुलको दुकाने बंद करण्याचा निर्णय झाला. लोक मोटारी घेऊन शहराबाहेरच्या दुकानांकडे वळले होते आणि वुलवर्थची जुनी दुकाने ओस पडणाऱ्या मध्यवस्तीत होती. १९९७ साली अमेरिकेतील उरलेली सुमारे चारशे दुकाने बंद झाली.

इंग्लंडमधील अंत अधिक उद्बोधक आहे. तेथील साखळी १९८२ पासून स्वतंत्र मालकीची होती. मुळात तिच्या पुष्कळ दुकानांच्या जागा स्वतःच्या होत्या. २००१ साली ही साखळी मूळ समूहापासून वेगळी काढताना १८२ दुकानांच्या जागा सुमारे ६१ कोटी पौंडांना विकून त्याच भाड्याने घेण्यात आल्या. पैसा जुन्या समूहाकडे गेला. वाढत जाणारे भाडे साखळीच्या माथी राहिले. २००८ च्या जागतिक मंदीत विक्री घटली, पतपुरवठा आटला, पुरवठादारांना आगाऊ रोकड हवी झाली. जानेवारी २००९ मध्ये ८०७ दुकानांपैकी शेवटची दुकाने मिटली आणि सुमारे सत्तावीस हजार लोकांचे काम गेले. ज्या माणसाने गगनचुंबी इमारत रोख पैशाने बांधली, त्याच्या नावाच्या दुकानांना स्वतःच्याच जागेचे भाडे जड जावे, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

आपल्याकडील अनुभव

भारतातील अनुभव याच दिशेने बोट दाखवितो. चेन्नईत १९९७ साली सुरू झालेली सुभिक्षा ही साखळी २००८ पर्यंत सुमारे सोळाशे दुकानांवर पोचली आणि २००९ च्या आरंभी रोकड संपल्याने कोसळली. २००१ पासून शहरी मध्यमवर्गाच्या परिचयाची झालेली बिग बझार ही साखळी कर्जाच्या ओझ्याखाली आली. २०२२ साली भाड्याची थकबाकी राहिलेली अनेक दुकाने दुसऱ्या समूहाने ताब्यात घेतली आणि मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. उलट डी-मार्टने सावकाश शाखा वाढविणे, शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची ठेवणे आणि पुरवठादारांचे पैसे लवकर देऊन भाव कमी करून घेणे हे धोरण पाळले. वुलवर्थने शंभर वर्षांपूर्वी जे केले त्याच्याशी याचे साम्य उघड आहे. अर्थात हे धोरण पुढेही टिकेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. घरपोच माल देणाऱ्या नव्या कंपन्यांची स्पर्धा आताच सुरू झाली आहे.

या सर्वांचा वडीगोद्रीशी काय संबंध? संबंध उधारीचा आहे. या भागाचे अर्थकारण कापूस, ऊस आणि मोसंबी यांवर उभे आहे. पेरणीत पैसा जातो आणि हाती येतो तो दसरा-दिवाळीनंतर. मधले महिने शेतकरी आणि शेतमजूर यांची चूल किराणा दुकानदाराच्या वहीवर पेटते. समजा, दुकानदाराने एका घराला दहा हजारांचा माल पाच महिन्यांच्या उधारीवर दिला आणि त्या पैशावर त्याला महिना दोन टक्के व्याज पडते. तर एक हजार रुपये व्याजाचेच झाले. ही रक्कम तो मालाच्या भावात चढवितो. म्हणून त्याचा भाव साखळीच्या भावाहून अधिक दिसतो. आपण ज्यास दुकानदाराची नफेखोरी समजतो, तीत बराचसा भाग पतपुरवठ्याच्या खर्चाचा असतो. सगळाच असतो असे नव्हे. नाडणारे दुकानदारही आहेत आणि त्यांची भलावण करण्याचे कारण नाही.

हे उधारीचे चक्र फिरते ठेवणारा पैसा येतो कोठून? तो येतो शिक्षक, कारकून, बँकेतील व पंचायतीतील नोकरदार यांच्या मासिक रोखीतून. पहिल्या आठवड्यात गल्ल्यात पडलेल्या या रोखीवर दुकानदार मोंढ्यातून नवा माल भरतो आणि तोच माल मजुराला वहीवर देतो. नोकरदाराची रोकड शहरातील साखळीकडे वळली की गावच्या दुकानात उरतात ती केवळ उधारीची गिऱ्हाइके. मग दुकानदार एक तर भाव आणखी चढवितो किंवा वही बंद करतो. दोन्ही प्रसंगी झळ बसते ती ज्याला रोकड आणि एस.टी.चे भाडे दोन्ही परवडत नाही त्याला. साखळीची स्वस्ताई खरी आहे. पण ती रोखीवाल्याची स्वस्ताई आहे. आणि उद्या तीच साखळी भाड्यापायी वा कर्जापायी मिटली, तर मधल्या काळात बंद पडलेले गावचे दुकान आपोआप उघडणार नाही. भांडवल विखुरलेले असते, पत गेलेली असते, दुकानदाराचा मुलगा दुसऱ्या धंद्याला लागलेला असतो.

उपाय साखळ्यांवर बंदी हा नव्हे. अमेरिकेत १९३० च्या सुमारास अनेक राज्यांनी साखळी दुकानांवर खास कर बसविले. साखळ्या त्याने थांबल्या नाहीत. ग्राहकाला दोन पैसे वाचविण्याचा हक्क आहे आणि तो कायद्याने हिरावून घेता येत नाही. उपाय वुलवर्थच्याच चरित्रात आहे, त्याच्या साम्राज्यात नव्हे तर साम्राज्यापूर्वीच्या त्या मित्रमंडळात. वडीगोद्री, शहागड, अंबड या परिसरातील वीस-पंचवीस किराणा दुकानदारांनी साखर, तेल, डाळ, साबण असा नित्याचा माल एकत्र खरेदी केला, तर दुकाने वेगळी राहूनही सौद्याचे बळ एकवटेल. ज्या महाराष्ट्राने १९४८ साली मुंबईच्या नायगाव भागातील कामगारवस्तीतून अपना बाजार उभा राहिलेला पाहिला, वारणानगरात शेतकऱ्यांचा वारणा बाजार पाहिला, त्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. सहकारी भांडारांचा मार्ग सोपा नाही, हेही आपण जाणतो. हिशेब चोख नसेल, कारभार वशिल्याचा असेल, तर ती संस्था खाजगी दुकानाहून लवकर बुडते. पण एकत्रित खरेदीस मोठी संस्थाही लागत नाही. परस्परविश्वास आणि उघडी वही एवढ्यावर तिचा आरंभ होऊ शकतो.

आणि वाचकांसाठी एक विनंती. महिन्याची यादी करताना दोन्ही भाव पाहावेत, प्रवासखर्च धरून हिशेब करावा आणि जेथे फरक किरकोळ आहे तो माल गावातच रोखीने घ्यावा. यात दुकानदारावर उपकार नाही. त्या रोखीवर कोणा मजुराच्या घरी श्रावण-भाद्रपदात पीठ पोचते. पाच सेंटांच्या नाण्यांतून हजार दुकाने उभी राहिली, हा वुलवर्थचा इतिहास आहे. नोकरदाराच्या दर महिन्याच्या नोटांतून गावची पत उभी राहते की ढासळते, हा आपला वर्तमानकाळ आहे.